ताणतणावासाठी योग आणि धर्माची हरकत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झोप लागत नाही, छातीत धडधडते, कामावरचा राग घरी निघतो, आणि डॉक्टर तपासण्या करून सांगतात की रिपोर्ट सगळे चांगले आहेत, थोडा योग सुरू करा. बहुतेकांसाठी हा साधा सल्ला असतो. वसईतल्या कॅथलिक घरात, कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यात, अहिल्यानगरच्या प्रॉटेस्टंट मंडळीत किंवा नागपूरच्या बौद्ध वस्तीत मात्र त्याच सल्ल्यामागून दुसरा प्रश्न उभा राहतो : हे आपल्या धर्मात चालते का? पुढील प्रश्नोत्तरे अशा वाचकांसाठी आहेत. श्रद्धा सोडा असे येथे कोणालाही सांगितलेले नाही, आणि हरकत घेणाऱ्यांना अडाणीही ठरवलेले नाही.

योग ही हिंदू उपासना आहे की नुसता व्यायाम?

दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. पतंजलीच्या योगसूत्रांत ईश्वरप्रणिधानाचा उल्लेख आहे आणि प्रणव, म्हणजे ओंकार, हा ईश्वराचा वाचक, म्हणजे त्याचे नाव, असल्याचे सूत्रही आहे. त्यामुळे ‘योगाचा धर्माशी काडीचाही संबंध नाही’ असे ठामपणे सांगणारा शिक्षक समोरच्याची दिशाभूल करतो, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो. मात्र त्याच ग्रंथात आसनाविषयी जेमतेम तीन सूत्रे आहेत, आणि त्यांतले पहिले ‘स्थिरसुखमासनम्’ एवढेच सांगते की बैठक स्थिर व सुखकर असावी. हठयोगप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात पंधराच्या आसपास आसने वर्णिलेली आहेत. आज वर्गात शिकवली जाणारी उभ्याने करायची बरीचशी आसने, त्यांची एकामागून एक गुंफलेली मालिका आणि ताण घालवण्याचा त्यांचा उद्देश, हे सारे मुख्यतः विसाव्या शतकात आकाराला आले, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. योगेंद्रांनी १९१८ मध्ये मुंबईत योग संस्था काढली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून आसने आणि प्राणायाम प्रयोगशाळेत उपकरणांनी तपासायला सुरुवात केली. सूर्यनमस्काराचा व्यायाम म्हणून प्रसार औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी केला.

हा वारसा एकाच धर्माच्या कुंपणात राहिलेला नाही, हेही खरे. जैन आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात योगावर ग्रंथ लिहिला. त्याच्या आधी, अकराव्या शतकात, अल्-बिरूनी या मुस्लिम विद्वानाने पतंजलीचा योग अरबीत नेला होता. आपल्याकडे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत रचला. तेव्हा योगात धर्म आहे, पण एखाद्याने जमिनीवर बसून पाय लांब करून पुढे वाकणे म्हणजे पूजा नव्हे. प्रश्न कोणता भाग घ्यायचा आणि कोणत्या हेतूने घ्यायचा, एवढाच उरतो. पुढची बहुतेक उत्तरे याच धाग्यावर आहेत.

कॅथलिक चर्चने योगाला बंदी केली आहे का?

सरसकट बंदी नाही. व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने १५ ऑक्टोबर १९८९ रोजी ख्रिस्ती ध्यानधारणेविषयी एक पत्र प्रसिद्ध केले. त्या वेळी मंडळाचे प्रमुख कार्डिनल रॅट्झिंगर होते, जे पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. या पत्राचा सूर सावध आहे : ख्रिस्ती नाहीत एवढ्याच कारणावरून या पद्धती झिडकारू नयेत, त्यांतले उपयोगी ते घ्यावे, मात्र ख्रिस्ती प्रार्थनेचे स्वरूप झाकोळू देऊ नये. शरीराच्या काही क्रियांनी आपोआप निवांतपणा येतो. त्यालाच पवित्र आत्म्याचे सांत्वन समजण्याची चूक करू नये, असा इशाराही त्यात आहे. केवळ ताण कमी करण्यासाठी येणाऱ्याला हा इशारा खरे तर सोयीचा आहे, कारण त्याला निवांतपणाच हवा असतो आणि त्या निवांतपणाला तो दुसरे कोणते नाव देत नसतो.

स्थानिक पातळीवर भूमिका याहून कडक असू शकते. केरळच्या सिरो-मलबार चर्चच्या सिद्धांतविषयक आयोगाने २०१८ मध्ये योग आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचा मेळ बसत नसल्याचे म्हटले. कॅथलिक नसलेल्या ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चने तर २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत ताणावर उपाय म्हणून प्रसारमाध्यमे योग सुचवू लागली तेव्हा, ख्रिस्ती माणसाच्या जीवनात योगाला स्थान नाही असे जाहीर केले. याच्या दुसऱ्या टोकाला, अँथनी डिमेलो या मुंबईच्या जेझुइट धर्मगुरूंनी भारतीय ध्यानपद्धती ख्रिस्ती साधनेत आणल्या आणि त्यांचे काम लोणावळ्याहून जगभर पोहोचले. त्यांच्या निधनानंतर १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही मतांविषयी सावधगिरीची सूचनाही काढली. एवढ्या मतभिन्नतेत शहाणपणाचे हे की आपल्या पॅरिशच्या फादरांना ‘योग चालतो का?’ असा मोघम प्रश्न न विचारता ‘मंत्र न म्हणता पाठीची आसने आणि सावकाश श्वास एवढेच करणार आहे, त्याला हरकत आहे का?’ असे नेमके विचारावे. मोघम प्रश्नाला नकार देणे सोपे असते.

आमचे पाळक म्हणतात, आसन केले तरी परक्या शक्तींना दार उघडते. याला काय उत्तर द्यावे?

ही श्रद्धेची भूमिका आहे; ती मोजून खरी किंवा खोटी ठरवता येणार नाही, आणि त्यावर वाद घालून पाळकांना हरवण्याचा प्रयत्न फळत नाही. त्यांच्याच शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, मात्र या प्रश्नाशी जवळचा एक प्रश्न चर्चिलेला आहे. मूर्तीला वाहिलेले अन्न खावे की नाही, यावर पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात दोन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत : मूर्ती ही काही नाही, त्यामुळे ज्याला हे पक्के ठाऊक आहे त्याला अन्नाची भीती नाही, पण आपले हे स्वातंत्र्य दुबळ्या मनाच्या बांधवाला अडखळण न होवो. योगाच्या बाजूचे पहिला भाग उचलतात, विरोधातले दुसरा. दोन्ही भाग मानणाऱ्याला बहुधा असा मार्ग सापडतो की आसने घरी करावीत आणि मंडळीच्या सभागृहात वर्ग भरवण्याचा आग्रह धरू नये. याउपरही तुमच्या स्वतःच्या मनात भीती उरत असेल, तर ताण घालवण्यासाठी नवा ताण घेण्यात अर्थ नाही. पुढे दिलेले दुसरे उपाय पाहावेत.

इस्लाममध्ये योग हराम आहे का?

जगभरच्या उलेमांचे यावर एकमत नाही, आणि जे निर्णय झाले आहेत त्यांची भाषा वाचली तर वादाचे मूळ आसनात नसून मंत्रात आणि उपासनेत असल्याचे दिसते. मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेने नोव्हेंबर २००८ मध्ये शारीरिक हालचाल, उपासना आणि मंत्रोच्चार एकत्र असलेला योग मुस्लिमांना निषिद्ध ठरवला. त्यावर गदारोळ झाला तेव्हा पंतप्रधान अब्दुल्ला बदावी यांनी मंत्रांशिवाय केवळ शारीरिक व्यायाम करता येईल असा खुलासा केला. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने जानेवारी २००९ मध्ये जवळपास हीच रेषा आखली : मंत्र व धार्मिक विधी असलेला योग हराम, निव्वळ व्यायाम म्हणून केलेला नव्हे. सौदी अरेबियाने २०१७ मध्ये योगाला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली, आणि त्यासाठी झटलेल्या नौफ मारवाई यांना भारत सरकारने २०१८ मध्ये पद्मश्री दिली.

भारतात २०१५ च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय योग दिनाच्या वेळी ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने सूर्यनमस्काराला आक्षेप घेतला. सूर्यापुढे नमणे हे अल्लाहखेरीज दुसऱ्यापुढे नमणे होते, म्हणजे शिर्क, हा तो आक्षेप होता. सरकारी कार्यक्रमात त्या वर्षी सूर्यनमस्काराचा समावेश नव्हता. येथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी : तौहीद, म्हणजे अल्लाह एकच हे तत्त्व, मानणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा आक्षेप किरकोळ नाही, तो त्याच्या श्रद्धेच्या गाभ्याचा आहे, आणि ‘एवढे काय त्यात’ असे म्हणणाऱ्या शिक्षकाकडून योग शिकू नये. दुसरीकडे, पाठदुखीसाठी भुजंगासन करणाऱ्याची नियत उपासनेची नसते, आणि हेतूला इस्लाममध्ये किती वजन आहे हे मशिदीतल्या इमामसाहेबांना कोणी सांगायला नको.

‘नमाज म्हणजे योगच आहे’ असे सांगून घरच्यांना पटवावे का?

पटवू नये. नमाजातल्या रुकू आणि सजद्यात शरीर वाकते म्हणून त्यांचे आसनांशी साम्य दाखवणारे लेख पुष्कळ फिरतात; पण नमाज ही इबादत, म्हणजे उपासना, आहे, तिला व्यायामाच्या तक्त्यात बसवलेले धर्मनिष्ठ माणसाला आवडत नाही. पटवण्यासाठी काढलेला हा मुद्दा नेमका त्यालाच दुखावतो, ज्याला पटवायचे असते.

ओंकार, श्लोक आणि सूर्यनमस्कार वगळले तर ताण कमी होण्याचा फायदाही जातो का?

जात नाही. मन शांत होण्यामागे श्वास मंदावणे, उच्छ्वास लांबणे, स्नायू सैलावणे आणि लक्ष एका ठिकाणी राहणे या गोष्टी आहेत. त्यांना अमुकच शब्द लागत नाहीत. इटलीतल्या पाविया येथील संशोधकांचा एक लहानसा अभ्यास २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला होता. त्यात २३ निरोगी व्यक्तींना एकदा लॅटिनमधून रोझरीतली ‘आवे मारिया’ आणि एकदा ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा मंत्र म्हणायला लावले. दोन्ही वेळा श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरली आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तत्पर झाली. (तिबेटी बौद्धांचा हा मंत्र संशोधकांनी योगमंत्र म्हणून नोंदवला, आपल्याकडच्या धर्मांच्या सीमा दुरून अशाच पुसट दिसतात.) वसईच्या एखाद्या आजी संध्याकाळी संथ लयीत ‘नमो मरिया’ म्हणत रोझरी करतात किंवा एखादे आजोबा तसबीह, म्हणजे जपमाळ, ओढतात, तेव्हा त्यांच्या शरीरातही असेच काही होत असावे, असे मानायला जागा आहे.

सूर्यनमस्काराबद्दल सांगायचे तर ‘ॐ मित्राय नमः’पासूनचे बारा मंत्र सोडून त्यातल्या हालचाली करता येतात, आणि नाव व दिशा यांचीच अडचण वाटत असेल तर तो प्रकार पूर्ण वगळून पर्वतासन, भुजंगासन, पश्चिमोत्तानासन अशी सुटी आसने करता येतात. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याने १९९३ पासून सरकारी शाळांत योगाला बंदी घातली होती. ती २०२१ मध्ये उठवताना आसनांना इंग्रजी नावेच वापरावीत, मंत्रोच्चार करू नये आणि ‘नमस्ते’ही म्हणू नये अशा अटी घातल्या. मराठी माणसाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, ‘नमस्ते’ची एवढी धास्ती वाटण्याचे कारण दिसत नाही, पण हात जोडायचे नसतील तर मान लवून निरोप घेतला तरी आसनांत काही उणे राहत नाही.

आम्ही बौद्ध आहोत. बाबासाहेबांच्या प्रतिज्ञांत योग बसतो का?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत योगाचा उल्लेख नाही. ब्रह्मा, विष्णू, महेश, राम, कृष्ण, गौरी-गणपती यांना देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची प्रतिज्ञा मात्र आहे. त्यामुळे देवतांच्या श्लोकांनी सुरू होणाऱ्या वर्गात अवघडल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. त्या अवघडलेपणामागे इतिहासही आहे : संस्कृत आणि ‘शास्त्र’ ज्यांच्या पूर्वजांना शतकानुशतके नाकारले गेले, त्यांनी आज ते निमूट म्हणावे ही अपेक्षा भोळी आहे. श्लोकांविना आसने करण्यास प्रतिज्ञांची आडकाठी दिसत नाही. ध्यान हवे असेल तर श्वासावर लक्ष ठेवण्याची आनापान पद्धत तुमच्याच परंपरेतली आहे. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात ती दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात शिकवली जाते. शिबिर मौनाचे आणि बरेच कसोटीचे असते, म्हणून तीव्र नैराश्य किंवा इतर मानसिक आजार असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊ नये.

आमचे घर वारकऱ्यांचे आहे. वडील म्हणतात, नाम असताना योगाची उठाठेव कशाला?

त्यांना आधार हरिपाठाचाच आहे : ‘योगयागविधी येणें नोहे सिद्धी’. पण तेथे प्रश्न मोक्षाचा आहे, आणि तुमचा प्रश्न रात्री झोप न येण्याचा आहे. शिवाय ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाभ्यासाचे किती बारकाईने वर्णन आहे, हे वडिलांना तुमच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

योगाने ताण नेमका कसा कमी होतो?

ताणाच्या वेळी शरीर धोक्याला तोंड देण्याच्या तयारीत जाते : हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ आणि जलद होतो, मान व जबडा आवळतो, अ‍ॅड्रेनलीन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरके स्रवतात. खरा धोका टळला की ही तयारी ओसरायला हवी. परंतु कर्जाचा हप्ता, साहेबांचा फोन, आजारी आई हे धोके टळत नाहीत आणि शरीर तयारीतच राहते. यातली बहुतेक यंत्रणा आपल्या इच्छेने चालत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि ठरवून बदलताही येतो, म्हणून तेथून आत शिरता येते. उच्छ्वास लांबवला की व्हेगस मज्जातंतूच्या द्वारे हृदयाचे ठोके मंदावतात आणि शरीराला सैलावण्याचा संदेश मिळतो. आसनांत स्नायू ताणून सोडल्याने आवळलेपणा कोठे आहे ते कळते. शवासनात तो सोडायचा सराव होतो. योगाचा ताणावर उपयोग होतो असे दाखवणारे अभ्यास बरेच आहेत, मात्र त्यांतले अनेक लहान आहेत आणि परिणामही माफकच दिसतो. ‘सर्व रोग बरे होतात’ म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

सुरुवात कोठून करावी?

सकाळी किंवा संध्याकाळी वीस मिनिटे पुरेत, पोट रिकामे असावे. पाच-सात मिनिटे ताडासन, मार्जारासन, भुजंगासन अशी साधी आसने करावीत. मग पाठ ताठ ठेवून बसावे आणि चार अंक मोजेपर्यंत श्वास घेऊन सहा अंकांपर्यंत सोडावा, श्वास कोंडू नये. शेवटी पाठीवर पडून पायाच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक भाग सैल सोडावा. तो सोडताना मनात काहीच ठेवायचे नसेल तर अंक मोजा, आणि ठेवायचेच असेल तर तुमच्या प्रार्थनेतले एखादे वाक्य ठेवा. हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात ताणावर जी शिथिलीकरणाची रीत मांडली, तीत असा शब्द ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेतून निवडण्याची मुभा होती.

वर्गात जाण्यापूर्वी शिक्षकांना काय विचारावे?

सुरुवातीला आणि शेवटी प्रार्थना असते का, कोणती. ती चालू असताना गप्प बसले तर चालेल का. समोर कोणाची मूर्ती वा तसबीर असते का, आणि तिला फूल वाहायची किंवा गुरूंच्या पाया पडायची पद्धत आहे का. चांगला शिक्षक याचा राग मानत नाही. सरकारी योग दिनाचा ठरलेला अभ्यासक्रमही ‘संगच्छध्वं संवदध्वं’ या ऋग्वेदातल्या ऋचेने सुरू होतो, हे आधी ठाऊक असले की आयत्या वेळी चुळबुळ होत नाही. ‘पुढे पुढे तुम्हालाच म्हणावेसे वाटेल’ असे हसून सांगणारा शिक्षक मात्र तुमची मर्यादा मानणार नाही. तेथे नाव नोंदवू नये.

घरच्यांना सांगावे की लपवावे?

प्रौढ माणसाने आपल्या तब्येतीसाठी काय करावे हा त्याचा अधिकार आहे, तरीही लपवणे सहसा महागात पडते, कारण शेजारच्या काकूंकडून किंवा चाचींकडून कळलेली गोष्ट घरात गुन्ह्यासारखी दाखल होते आणि ताणासाठी केलेला उपायच ताणाचे कारण बनतो. सांगताना ‘मी योग करणार’ अशी घोषणा करण्यापेक्षा त्रास काय आहे, डॉक्टर काय म्हणाले, आणि आपण काय करणार व काय करणार नाही, या क्रमाने सांगावे. अम्मी किंवा ममी समोर बसलेली असताना तीच आसने करून दाखवली तर अर्धी शंका तेथेच फिटते. ज्या घरात विरोध शिवीगाळ किंवा मारहाणीपर्यंत जाऊ शकतो, तेथे हा सल्ला लागू नाही. तेथे आधी सुरक्षितता पाहावी.

शाळा किंवा कार्यालय सक्ती करू शकते का?

राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि २८ व्या अनुच्छेदानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कोणालाही स्वतःच्या, अथवा अल्पवयीन असल्यास पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. शाळांत योग सक्तीचा करावा अशी मागणी करणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेटाळल्या. आसने म्हणजे उपासना की व्यायाम, हा वाद राहतोच. कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटास गावच्या पालकांनी तो न्यायालयात नेला तेव्हा २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तेथील शाळेचा वर्ग धार्मिक नसल्याचा निर्णय दिला. पत्र लिहायची वेळ आली तर मूल व्यायामाला हजर राहील, प्रार्थनेला नाही, एवढी विनंती पुरेशी असते आणि ती सहज मान्य होण्याजोगी आहे. कार्यालयात ती मनुष्यबळ विभागाला तोंडी सांगितली तरी बहुतेक वेळा भागते.

मनाला पटतच नसेल तर दुसरे काय?

पुष्कळ आहे. रोजचे झपझप चालणे, पोहणे, सायकल; स्नायू एकेक आवळून सोडण्याची एडमंड जेकबसन यांची पद्धत, जिचा कोणत्याही धर्माशी संबंध नाही; समुपदेशन; आणि आपल्या धर्मातली संथ, निवांत प्रार्थना. योग न केल्याने कोणी मागे पडत नाही.

कोणी जपून करावे, आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे?

उच्च रक्तदाब, काचबिंदू, मानेचा किंवा मणक्याचा आजार असणाऱ्यांनी शीर्षासन व सर्वांगासन करू नये. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया आणि गरोदरपणात कपालभाती टाळावी. एकाएकी घाबरून छातीत धडधडण्याचे झटके येत असतील तर जलद श्वसनाने किंवा श्वास कोंडल्याने ते वाढू शकतात. चालू असलेल्या गोळ्या योग सुरू केला म्हणून बंद करू नयेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, कशातच रस न वाटणे, जेवण व झोप बिघडणे, किंवा जगू नये असे विचार येणे हे आसनांनी निभावण्याचे काम नाही. डॉक्टरांकडे जाणे लांबत असेल तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तेथे मराठीतून बोलता येते आणि फोन मोफत लागतो.